व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आल्यावर पहिले तीन महिने: घरच्यांनी नेमकं काय करायचं?

उंबरठा | सोमवार, रात्री ९:१०

दारूसाठी दाखल असलेला माणूस केंद्रात आहे तोवर तिथली घंटा त्याला उठवते, जेवू घालते, झोपवते. घरी येतो तेव्हा घंटा तिथेच राहते. घरच्यांच्या हातात येते ती औषधांची पिशवी, एक फाईल आणि "काळजी घ्या" एवढी सूचना. काळजी घ्या म्हणजे काय करा, हे इथे लिहूया.

माझे प्रश्न साधे आहेत. गोळ्या कुणाच्या ताब्यात ठेवायच्या? पगार आणि एटीएमचं काय? हळदी, वराती, गटारी कशी निभवायची? आणि परत प्यायलाच, तर त्या रात्री काय करायचं?

दारू वाईट असते हे घरच्यांना कळून चुकलेलं असतं. तेवढं सोडून लिहा.

अष्टगंध | सोमवार, रात्री ९:४८

डिस्चार्जच्या वेळी वही घेऊन जा. प्रत्येक गोळीपुढे तीन गोष्टी लिहून घ्या: कशासाठी, कधी घ्यायची आणि कोणत्या तारखेला बंद करायची. तिसरी गोष्ट विचारायची हमखास राहते.

ती का महत्त्वाची, ते सांगतो. दारू तुटल्यावर येणारी थरथर आणि फिट टाळायला क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम देतात. ती कमी कमी करत साधारण आठवड्या-दहा दिवसांत थांबवायची असते. चिठ्ठीवर शेवटची तारीख नसली की "झोप तरी लागतेय बिचाऱ्याला" म्हणून घरचेच तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला पुन्हा पुन्हा दाखवतात. बाटली सुटते आणि गोळी चिकटते. असं काही महिने चाललं असेल तर मात्र एका झटक्यात बंद करू नका, त्यानेही फिट येते. डॉक्टर सांगतील त्या टप्प्यांनीच उतरवा.

दुसरी थायमिन, म्हणजे ब१. स्वस्त असल्यामुळे हीच आधी विसरली जाते. नेमाने द्या. माणूस अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागला, चालताना झोक जाऊ लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर "अशक्तपणा असेल" म्हणत थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हे ब१च्या तीव्र कमतरतेचं लक्षण असू शकतं. त्यात उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

यकृताची तपासणी, साखर, बीपी यांचे शेवटचे आकडे मागून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच लक्ष द्या. दारू सुटल्यावर भूक आणि जेवण बदलतं आणि साखर वरखाली होते.

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री १०:०५

दारू प्यायल्यावर उलटी होते ती गोळी आमटीतून देतात म्हणे. एसटी स्टँडच्या भिंतींवर "न सांगता दारू सोडवा" असं पत्त्यासकट लिहिलेलं असतंच. पहिले काही महिने ते चालणार नाही का?

कातरवेळ | सोमवार, रात्री १०:३१

@बोरूबहाद्दर, नाही. सविस्तर लिहिते, कारण घरोघरी होणारी सर्वांत धोक्याची चूक हीच.

त्या गोळीचं नाव डायसल्फिराम. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचाही निचरा होतो. ही गोळी तो निचरा अडवते. गोळी चालू असताना दारू पोटात गेली की पाच-दहा मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, बीपी खाली जातं. जास्त प्यायलेला किंवा हृदयाचा रोगी असेल तर जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणूनच शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. आमटीत कालवून दिली तर माणसाला काहीच ठाऊक नसतं. तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि रस्त्यात कोसळतो. समोरच्या डॉक्टरलाही कारण कळत नाही. भिंतीवरच्या पुड्यांत काय कालवलेलं असतं, ते तर देव जाणे.

ती द्यायची तर माणसाच्या संमतीने, डॉक्टरांनी यकृत आणि हृदय तपासल्यावर. रोजची मात्रा बहुधा २५० मिलिग्रॅम असते. उत्तम पद्धत म्हणजे सकाळी चहाच्या आधी त्याने स्वतः गोळी हातात घ्यायची आणि घरातल्या एकाने समोर उभं राहायचं. त्यात पोलीसगिरी नाही. ठरलेलं काम आहे, अर्ध्या मिनिटात उरकायचं. घेतली की कॅलेंडरवर खूण करा. त्या खुणेमुळे दिवसभर "प्यायलास का?" असं विचारावं लागत नाही, आणि मला विचाराल तर या गोळीचा अर्धा फायदा तिथेच आहे.

गोळी बंद केल्यानंतरही १४ दिवसांपर्यंत असर राहू शकतो. "काल घेतली नाही, आज चालेल" हे गणित चुकतं ते इथे.

आता घरातली लपलेली दारू शोधा. द्राक्षासव, कुमार्यासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट. आसव-अरिष्ट आंबवूनच होतात आणि त्यांत १२ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असू शकतो. होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याची काही पातळ औषधं, काही माउथवॉश, दाढीनंतरचं लोशन यांतही तो असतो. नाताळात वसई-गोव्याकडून येणारा रमचा केकही त्यातलाच. दाताच्या किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. मेट्रोनिडाझोल बरोबर दिलं तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडचंही तसंच.

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री १०:४०

आसवाचं माहीत नव्हतं. आमटीचा प्रश्न मागे घेतो.

अष्टगंध | सोमवार, रात्री १०:५२

@कातरवेळ +१. एक जोड. सगळ्यांना डायसल्फिराम मानवत नाही, म्हणून दुसऱ्या गोळ्याही आहेत. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज एक, याने तलफ कमी होते. ती चालू असताना ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं काम करत नाहीत. अपघात झाला तर डॉक्टरांना हे कळायला हवं, म्हणून एक चिठ्ठी त्याच्या पाकिटात ठेवा. ॲकॅम्प्रोसेटच्या ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा असतात आणि किडनी बरी असावी लागते. दिवसाला सहा गोळ्या म्हटल्यावर दुपारची बुडतेच, डब्यात घालून द्या. यकृत फार बिघडलेलं असेल तर काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात. तीही एकदम बंद करायची नसते.

कुठलीही गोळी शेजारच्याला लागू पडली म्हणून आपल्या माणसाला देऊ नका.

गोठण | मंगळवार, सकाळी ७:२०

पैशांचं मी लिहितो. एटीएम काढून घेतलं की काम झालं असं लोक समजतात. कार्डाचा जमाना गेला, आता वाईन शॉपच्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. म्हणून खात्याची रचनाच बदला, आणि तीसुद्धा डिस्चार्जच्या आधी, समुपदेशकासमोर, त्याच्या तोंडून वदवून. घरी आल्यावर लादलं तर पहिलं भांडण त्यावरूनच होतं.

चालण्यासारखी मांडणी अशी. पगाराचं खातं त्याचंच राहू द्या. पगार जमा झाला त्याच दिवशी ठरलेली रक्कम घरखर्चाच्या आणि हप्त्याच्या खात्यात आपोआप वळेल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. फोनवरचं यूपीआय एका वेगळ्या लहान खात्याला जोडा, त्यात आठवड्याचा खर्च: पेट्रोल, चहा, रिचार्ज. आठवड्याचे पैसे एकदम न देता दोन हप्त्यांत द्या. क्रेडिट कार्ड बंद. फोनमधली झटपट कर्जाची ॲप्स त्याच्यासमोर काढून टाका. हे शेवटचं विसरू नका, रात्री अकराला घरी पैसे न मागता पिण्याचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

मग उधारीची यादी. पानवाला, बारवाला, हातउसने, पतपेढी, सोनं गहाण ठेवलेलं दुकान. सगळं एका कागदावर. बारची उधारी फेडायला त्याला स्वतःला पाठवू नका, दुसऱ्या कुणीतरी जाऊन फेडा. "हिशोब मिटवून येतो" म्हणून गेलेला माणूस तिथे बसतो.

अडीच-तीन महिन्यांनी एकेक गोष्ट परत द्या. तारीख आधीच ठरलेली असावी. कायमचं भिकेला लावलेला माणूस सोबर राहिला तरी मान खाली घालून राहतो, आणि तो राग बाहेर पडायला जागा शोधतो.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ८:०२

@गोठण, शेवटचा परिच्छेद पटला. पण त्याच्या सहीशिवाय खात्यात हात घालू नका. नवऱ्याचा पिन वापरून बायकोने पैसे फिरवले आणि तेच पुढे कोर्टात तिच्याविरुद्ध आलं, असं व्हायला नको.

ढोबळी_मिरची | मंगळवार, सकाळी ११:१५

स्वयंपाकघराकडून थोडं.

वर्षानुवर्षं जो माणूस रात्री दहाला चकण्यावर जेवत होता, त्याच्या पोटाला संध्याकाळी सातची सवय उरलेली नसते. पण तलफ येते ती संध्याकाळी सहा ते आठमध्येच, बारमध्ये जाऊन बसायच्या वेळेला. रिकामं पोट त्यात तेल ओततं. साडेपाचला काहीतरी भरभक्कम द्या: थालीपीठ, उसळ, अंड्याचं काही, दाण्याची चिक्की. जेवण आठच्या आत. गोडाची हाव सुटते. पहिल्या महिन्यात चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, फळं चालू द्या, साखर असेल तर डॉक्टरांना विचारून. यकृत सुजलेलं असेल तर जेवण मिठाच्या प्रमाणासकट विचारून ठरवा, "यकृताला डाळी चालत नाहीत" असलं ऐकीव पथ्य पाळू नका. या माणसांना प्रथिनं बहुतेक वेळा जास्तच लागतात.

शेंगदाणे-फरसाण-लिंबू-कांदा असं ताट मांडून टीव्हीसमोर देऊ नका. खारे दाणे वाईट म्हणून नाही, ते ताट ओळखीचं असतं म्हणून. काचेचे पेग ग्लास मात्र घरात ठेवूच नका. शून्य टक्के अल्कोहोलची बिअरही नको, तिची चव आणि बाटली दोन्ही तिकडचा रस्ता दाखवतात.

झोप. आठवडे, कधी महिने झोप तुटक राहते. दुपारी झोपू देऊ नका, चारनंतर चहा नको. दोन वाजता उठून बसला तर दिवा लावून चौकशी करत बसू नका.

चकणा_विरोधी | मंगळवार, दुपारी १:३०

नावावरून कळलंच असेल, समारंभाचं मी लिहितो. 😄

पहिले तीन महिने हळदीची रात्र, वरात, धुळवड, गटारी आणि ३१ डिसेंबर सरळ चुकवायचे. आगरी-कोळ्यांच्या हळदीला किंवा कोकणातल्या राखणीला दारू विधीचाच भाग असते, तिथे "फक्त बसेन" हे चालत नाही. जवळच्या नात्यामुळे जावंच लागलं तर लग्न लागायला जायचं, अक्षता टाकायच्या, पंगतीत पहिल्या फेरीत जेवायचं आणि निघायचं. परतीची गाडी आपली हवी. दुसऱ्याच्या गाडीने गेलात की निघायची वेळ त्याच्या हातात जाते.

"घे रे एक, काही होत नाही" म्हणणाऱ्याला उत्तर आधी पाठ करून ठेवावं. "डॉक्टरांनी बंद केलंय, गोळ्या चालू आहेत" एवढं पुरतं. लिव्हरपासून देवापर्यंत कारणं सांगत बसलं की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. हातात सतत भरलेला ग्लास ठेवा, ताक, कोकम, काहीही. रिकाम्या हातात लोक ग्लास देतात.

कामावरून घरी यायचा रस्ता बदला. ऐकायला फालतू वाटतं. पण पाय वळतात ते डोक्याला न विचारता.

उंबरठा | मंगळवार, दुपारी २:१०

खूप उपयोगी. आता चौथा प्रश्न. परत प्यायला तर?

कातरवेळ | मंगळवार, दुपारी ३:४४

त्या रात्री बोलणं नाही. रडणं, शपथा, मुलांना पुढे करणं, व्हिडिओ काढणं, काहीच नाही. नशेतल्या माणसाशी झालेला करार सकाळी कुणाच्याच लक्षात नसतो, अपमान मात्र राहतो. गाडीची किल्ली काढून घ्या, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, गॅस बंद आहे का बघा. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना, आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या.

सकाळी एकच वाक्य: "काल झालं ते दिसलं. आज केंद्राला फोन करायचा आहे, तू करतोस की मी करू?" हा फोन २४ तासांत झाला पाहिजे. एकदा घसरणं आणि पूर्वीसारखं पिणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरतं. लाजेपोटी घरचेच लपवतात, आणि त्या लपवण्यात पंधरा दिवस जातात.

सलग काही दिवस पिऊन झालं असेल तर "आता आजपासून बंद" असं घरी कोंडून करू नका. थरथर ६ ते २४ तासांत सुरू होते. फिट येते ती बहुधा पहिल्या ४८ तासांत. भास, घाम, ताप, वेळकाळाचं भान सुटणं हे साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, आणि ते जिवावर बेतू शकतं. पूर्वी कधी फिट किंवा असे भास झाले असतील तर पुन्हा भरतीच करा.

फिट आली तर कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं सामान दूर. तोंडात चमचा, पाणी, काही नको. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, त्यात वेळ घालवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एकामागून एक आली, तर १०८.

गोठण | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

केंद्रात भरती करायला तो तयारच नसेल तर? रात्री गाडी पाठवून उचलून नेतात ती पद्धत योग्य आहे का?

निळीशाई | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू होतो. स्वतः तयार असेल तर कलम ८६. तयार नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम ८९. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभं राहायला त्याने नेमलेल्या माणसाचा) अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत ३० दिवसांपर्यंत. म्हणून शुद्धीत आणि शांत असतानाच, आता, साध्या कागदावर सही करून कलम १४ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून घ्या. गरज पडते तेव्हा नातेवाइकांत वाद होतात, "मी सख्खा भाऊ" आणि "मी बायको".

त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहते. ऑफिसला द्यायच्या दाखल्यात निदान नको असेल तर तसं आधी सांगा, "उपचारासाठी दाखल होते" एवढ्यावर भागतं का ते विचारा.

आणि जे कुणी लिहीत नाहीये ते लिहिते. त्याला घरी घेतलंच पाहिजे असं नाही. मारहाणीचा इतिहास असेल तर पहिले महिने तो भावाकडे किंवा आईकडे राहू दे, भेटी दिवसा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, दारू सोडली म्हणून तो हक्क संपत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. संशय हाही विषय आहे. दारू सुटल्यावरही "तू कुणाशी बोलत होतीस" चालूच राहिलं, तर तो स्वभाव म्हणून सोसू नका. तो आजाराचा भाग असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगा.

अष्टगंध | मंगळवार, रात्री ८:१५

+१. तसंच उदासीचं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मन खाली असतं, हळूहळू उठतं. महिना उलटूनही उठत नसेल, किंवा "मी नसलेलाच बरा" अशी भाषा आली, तर फॉलोअपची तारीख यायची वाट पाहू नका. टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

दारूऐवजी गर्द किंवा इंजेक्शनचं व्यसन असेल तर एक वेगळा धोका आहे. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीची मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबतो. केंद्रातून आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात ते त्यामुळे. श्वास मंद, ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या: लगेच १०८.

ढोबळी_मिरची | मंगळवार, रात्री ९:००

घरच्यांसाठी काही असतं का? सगळा धागा त्याच्याभोवती फिरतोय.

कातरवेळ | मंगळवार, रात्री ९:३६

असतं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये (१९८६ पासून आहे) पत्नींसाठी "सहचरी" गट आहे. अल-अनॉन हा नातेवाइकांचा गट. माणूस पीत असो वा नसो, तिथे घरच्यांनी जायचं. पिणाऱ्यांचा तो एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. एएच्या खुल्या सभेला घरचेही बसू शकतात, बंद सभेला नाही. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद सभा असा रिवाज सांगतात. रोज शक्य नसेल तर निदान शनिवार आणि पगाराचा दिवस चुकवू नका.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाच्या भाषेत: "बाबांना आजार होता, औषध चालू आहे, तुझ्यामुळे झालं नव्हतं." बाबांच्या तोंडाचा वास घ्यायचं काम मुलांना कधीच देऊ नका. खिसे तपासायचं तर नाहीच.

उंबरठा | मंगळवार, रात्री १०:१२

सगळ्यांचे आभार. शेवटचा एक व्यवहाराचा प्रश्न. फॉलोअप शनिवारी दुपारी आहे आणि त्याच संध्याकाळी चुलतभावाची हळद. दोन्ही टाळता येत नाहीत.

चकणा_विरोधी | मंगळवार, रात्री १०:२५

हळद टाळता येते. चुलत्यांना आजच फोन करा, त्याच्याकडून नाही, तुमच्याकडून: "दवाखाना आहे, हळदीला जमणार नाही, रविवारी लग्नाला मुहूर्ताच्या अर्धा तास आधी येतो." आहेर आधीच कुणाकडे तरी पाठवून द्या, म्हणजे मंडपात शोधाशोध करत थांबावं लागणार नाही. शनिवारी फॉलोअप झाला की तिथूनच सभेला जा. रविवारी पंगतीची पहिली फेरी, आणि गाडी तुमची.

कातरवेळ | मंगळवार, रात्री १०:३१

आणि फॉलोअपला रविवारच्या लग्नाचं डॉक्टरांना सांगा.